भाजलेले जव

माझ्या आईने आयुष्यात दारूला बोट लावलं नाही, आणि तरी तिने एकदा वीस लिटर बिअर केली. तीही दुबईत, तीही विनापरवाना, तीही बाथटबमध्ये. हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात. पूर्वी मीही हसवूनच सांगायचे. माझ्या थोरल्या मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ममा, दॅट इज सो इलीगल!" आणि मैत्रिणींना फोन करायला पळाली. हल्ली मात्र मी सांगत नाही. कारण हसून झालं की समोरचा विचारतोच, "मग? झाली का बिअर?" आणि तिथे माझी बोबडी वळते. म्हणून एकदाचं सगळं लिहूनच काढते. ज्याला हसायचंय त्याने हसावं.

आम्ही तेव्हा अल मनखूलला राहत होतो, जुन्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर. दोन खोल्या, दोन बाथरूम, आणि एक बाल्कनी, जिच्यात आईचे पापड, कुरडया आणि आमचे कपडे यांची कायम मारामारी चाललेली असायची. एसीचा घर्रर्र आवाज इतका सवयीचा होता की तो थांबला तरच आम्ही दचकायचो. सकाळी खालच्या कॅफेटेरियातल्या कढईचा खणखणाट, मग बांग, मग आईचा कुकर. समोरच्या दारात हमीदाभाभी राहायची, दापोलीकडची. तिच्याकडून सांदणं यायची, आमच्याकडून घावणे जायचे. आमचं गाव देवरुखजवळ, त्यामुळे दोघी जिन्यात उभ्या राहून कोकणातल्या पावसापासून कोकमापर्यंत सगळं बोलायच्या. फक्त एक विषय सोडून. तो म्हणजे माझे बाबा.

बाबा एसीच्या डक्टचं काम बघायचे. जुमेरा लेक टॉवर्सच्या कितीतरी इमारतींच्या पोटातून त्यांनी पत्रे फिरवलेत. आता मी तिथल्याच एका टॉवरमध्ये नोकरी करते आणि मीटिंगमध्ये कंटाळा आला की छताच्या जाळीकडे बघत बसते. बाबा प्यायचे. दारुडा म्हटलं की जो आरडाओरडा डोळ्यांपुढे येतो तो आमच्याकडे कधीच नव्हता. त्यांनी आवाज चढवला नाही, हात उगारला नाही, साइटला उशीर केला नाही. आधी शुक्रवारच्या सुट्टीच्या आदल्या रात्रीची, गुरुवारची एक बिअर होती, मग रोजची व्हिस्की झाली, मग सकाळी चहाच्या आधी स्टीलच्या फुलपात्रातून, वर झाकण ठेवून. झाकण कशाला, तर आम्हाला कळू नये म्हणून. आम्हाला कळायचं. आम्हाला कळतं हे त्यांना कळू नये म्हणून आई मोठ्याने भजन लावायची. आमच्या घरात प्रत्येक जण दुसऱ्याला जपत असायचा, आणि त्याचा मला तेव्हा केवढा अभिमान होता!

मंदी आली त्या वर्षी बाबांची नोकरी गेली. गेली हेही त्यांनी तीन आठवडे सांगितलं नाही. रोज सकाळी साइटचे बूट घालून निघायचे आणि क्रीकच्या कडेला जाऊन बसायचे. मग व्हिसा कॅन्सल व्हायचा कागद आला, तेव्हा लपवायला जागाच उरली नाही. पासपोर्ट कंपनीकडे, हिशोब मिळायचा बाकी, देश सोडायला तीस दिवस. आणि दारूचा परवाना नोकरीवर चालायचा, तोही संपला. घरात दोन बाटल्या होत्या. तेवढ्याच.

आता कुणीही म्हणेल, बरं झालं की! सुटली असती. आईनेही एकदा तसंच म्हटलं होतं. दोन वर्षांपूर्वी गणपतीत गावी गेलो असताना तिने बाबांना देवासमोर शपथ घ्यायला लावली होती, आजपासून बंद. तिसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी बाबा ताठ झाले, डोळे फिरले आणि ओटीवर कोसळून हातपाय झाडायला लागले. गावच्या डॉक्टरांनी त्यांना वाचवलं आणि मग आईला बाजूला घेऊन झापलं. "वहिनी, इतक्या वर्षांची सवय अशी एका दिवसात तोडायची नसते. पुढच्या वेळी जीव जाईल. सोडवायची तर हॉस्पिटलात, नाहीतर थोडी थोडी उतरवत आणा." त्यातलं 'हॉस्पिटलात' हे आई विसरली आणि 'थोडी थोडी' तेवढं तिने पदराला गाठ मारून ठेवलं.

म्हणून ती दोन बाटल्या घेऊन बसली. खोकल्याच्या औषधाचं टोपण घेतलं आणि कॅलेंडरवर आकडे लिहिले. आज इतकी टोपणं, उद्या त्याहून एक कमी. पण दोन बाटल्यांचं कितीही पाणचट केलं तरी त्या तीन आठवड्यांच्या पुढे जाईनात, आणि बाबांचे हात तर आत्ताच इतके थरथरत होते की शर्टाची बटणं आई लावायची. बाहेरून आणायची सोय नव्हती. शारजात दारूला पूर्ण बंदी, तिथून येताना बाटलीसकट पकडलेल्या माणसाची गोष्ट बिल्डिंगमध्ये सगळ्यांना पाठ होती. लेबर कॅम्पात चोरून विकतात ती प्यायलेला आमच्याच तालुक्यातला एक सुतार आंधळा होऊन गावी गेला होता. आणि हॉस्पिटल म्हणजे आईच्या डोक्यात थेट पोलीस. व्हिसा नाही, परवाना नाही आणि पेशंट दारूचा! "जेलमध्ये टाकतील गं ह्यांना," ती म्हणायची, "आणि तिथे कोण टोपण देणार आहे?"

बिअरची कल्पना माझी. हो, माझीच. मी नुकतीच बारावीची परीक्षा दिली होती, सायन्स, आणि जगातलं सगळं मला समजतं अशी माझी पक्की खात्री होती. नेटवर मला एक पान सापडलं. धान्याला मोड आणा, वाळवा, भरडा, गरम पाण्यात ठेवा म्हणजे पिठाची साखर होते, गाळा, उकळा, यीस्ट घाला, आठ-दहा दिवस ठेवा. मी ते फिजिक्सच्या जर्नलच्या मागच्या पानांवर उतरवलं आणि आईला वाचून दाखवलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मोड किती लांब हवेत म्हणालीस?"

मोड आणण्यात आमच्या आईचा हात कुणी धरला नसता. मटकी, वाल, नाचणी, काहीही द्या, एकसारखे मोड. मी पर्ल बार्ली आणली तर तिने पाकीट माझ्याच अंगावर टाकलं. "सोललेल्याला मोड कुठून येणार, बारावी?" मग आम्ही सतवा भागातल्या पक्ष्यांच्या दुकानात गेलो आणि सालासकट सहा किलो जव घेतले. अठरा दिरहम, म्हणजे सव्वादोनशे रुपये, असं आईने दुकानातच मोठ्याने म्हटलं. दुकानदार मलबारी होता. त्याने कौतुकाने विचारलं, "कितना कबूतर है, अम्मा?" आई गंभीरपणे म्हणाली, "बहुत है." बसमध्ये बसल्यावर तिला हसू फुटलं ते थांबेचना. खिडकीबाहेर मेट्रोचे अर्धवट खांब जात होते, आणि कित्येक महिन्यांनी आई हसताना दिसली म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

जव एक दिवस भिजले, मग पंच्यात बांधून पाणी शिंपडत चार दिवस. असे सुंदर मोड मी पुन्हा कधी पाहिले नाहीत. बाल्कनीत पापडांची जागा काढून ते वाळवले. दुबईचं ऊन, दोन दिवसांत खडखडीत. इथवर सगळं जर्नलच्या पानाबरहुकूम झालं होतं. त्या दुपारी मी आंघोळीला गेले आणि बाहेर आले तर घरभर वास. खमंग, भाजणीचा असतो तसा. आई कढईपाशी उभी राहून उलथन्याने जव परतत होती. अर्धे झाले होते, छान बदामी.

"आई! भाजतेस काय?"

"मग? नाचणीचं सत्त्व भाजल्याशिवाय करतात का? कच्चट राहिलं तर बाधेल त्यांना. आधीच पोटात अन्न ठरत नाही."

तिने तान्ह्या मुलांसाठी आयुष्यभर हेच केलं होतं. मोड, वाळवण, मंद आच, दळण. माझ्यासाठी केलं, भाच्यांसाठी केलं, हमीदाभाभीच्या नातवासाठीही केलं. तिचा हात आपोआप कढईकडे गेला. मला मात्र ठाऊक होतं. बारावीच्या पुस्तकात आख्खा धडा होता. मोड येताना धान्यात एन्झाइम तयार होतात, तेच पिठाची साखर करतात, आणि उष्णतेने ते मरतात. साखर नाही तर यीस्टला खायला काही नाही, आणि दारू नाही. मला हे मार्कांसकट पाठ होतं. मी म्हणाले, "बरं, पण फार लाल करू नकोस." तिने उरलेलेही तितकेच लाल केले.

हमीदाभाभीचं बिर्याणीचं मोठं पातेलं मागून आणते म्हटलं तर आईने डोळे वटारले. "तिच्या भांड्यात दारू? तिने विश्वासाने द्यायचं आणि आपण तिला पापात घालायचं?" मग मोदकांचं पातेलं निघालं. भरड गरम पाण्यात घालून, पातेल्याला दोन ब्लँकेटं गुंडाळून आम्ही ते बाळंतिणीसारखं शेकत ठेवलं. दोन तासांनी ते गोड लागायला हवं होतं. आईने चमचा चाटला आणि माझ्याकडे पाहिलं. "गोड आहे ना गं?" तिला गोड लागायलाच हवं होतं, म्हणून लागलं असेल. मी बाबांच्या साइटच्या फर्स्ट एड पेटीतलं आयोडीन घेतलं आणि स्वयंपाकघरात, आईची पाठ असताना, बशीत एक थेंब टाकला. शाळेत बटाट्यावर टाकतात तसा. पिवळा राहिला तर साखर झाली, निळा झाला तर पीठ तसंच आहे. तो निळा नाही, काळाकुट्ट झाला.

बशी मी नळाखाली धरली. आई वळून म्हणाली, "झालं का?"

बाबांच्या बाटलीत तेव्हा दहा-बारा दिवसांचं उरलं होतं. पुन्हा जव आणून मोड आणायचे तर आठवडा तिथेच गेला असता. आईची नखं जवाच्या सालांनी सोलवटली होती. आणि तिच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते मला विझवता आलं नाही. "झालं," मी म्हणाले. "एकदम मस्त झालंय."

एक किलो साखर! नुसती एक किलो साखर त्यात ओतली असती तरी यीस्टने तिची दारू केली असती. कपाटात साखर होती. पण त्या पानावर कुठे साखरेचं नाव नव्हतं आणि माझी अक्कल त्या पानापलीकडे जात नव्हती. आजही सुपरमार्केटमध्ये साखरेच्या पिशव्यांपाशी आले की मी स्वतःला दोन शिव्या घालते.

कडूपणासाठी आईने गावाहून आणलेलं काडेचिराईत उकळलं. यीस्ट जागं करायला दोन चमचे साखर घातली होती, तेवढ्या साखरेचा फेस पहिल्या दिवशी आला. बघ, फसफसतंय, असं आईने मला हात धरून दाखवलं. सगळं पाण्याच्या मोठ्या कॅनमध्ये भरून, वर ओला टॉवेल टाकून, मागच्या बाथरूममधल्या टबात ठेवलं आणि दाराला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी फेस बसला तो बसलाच. मी दिवसातून चार वेळा कुलूप काढून बघायचे. वाटायचं, थोडंतरी झालं असेल. अंदाज चुकत असेल माझा. माणूस स्वतःला काय काय पटवून देतो!

नवव्या दिवशी, बुधवारी दुपारी, आईने पहिला पेला गाळला. बाबा पलंगावर उशीला टेकून बसले होते. पेला दोन्ही हातांनी धरला तरी दातांवर आपटत होता. आई समोर उभी, श्वास रोखून. बाबा प्यायले. थांबले. तिच्याकडे पाहिलं. पुन्हा प्यायले.

"कडू आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "बरी झालीय गं. जमलं तुला."

आईने गाऊनच्या बाहीने डोळे पुसले. आणि मग ती स्वयंपाकघरात गेली, व्हिस्कीची उरलेली पाव बाटली काढली आणि सिंकमध्ये उपडी केली. "खलास! आता हे विष घरात नको. आता हलकीच द्यायची, आणि तीही कमी कमी करत." बाटलीतून गटगट आवाज येत होता. मी दारात उभी होते. तिचा हात धरायला मला तीन पावलं टाकायची होती. नाही टाकली. त्या तीन पावलांवर मी पुढची किती वर्षं अडकून पडले ते मलाच माहीत.

गुरुवारी बाबांना घाम फुटायला लागला. एसी सोळावर, आणि उशी ओली. उलट्या. संध्याकाळी ते भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "मुंग्या बघ किती झाल्यात." भिंतीवर काही नव्हतं. आई घाबरून माझ्याकडे आली. "चढलीय गं ह्यांना. जास्त स्ट्राँग झाली की काय?"

मी म्हणाले, "असेल."

शुक्रवारी खालच्या मशिदीत नमाजाआधीचा खुतबा, म्हणजे प्रवचन, चालू होता, लाउडस्पीकरवरून आवाज वर येत होता, तेव्हा पलंग भिंतीवर आपटायला लागला. बाबांचं अंग धनुष्यासारखं वाकलं होतं, तोंडाला फेस, डोळे पांढरे. मी फोनकडे धावले तर आईने माझं मनगट धरलं. "पोलीस येतील." तिची पकड अशी होती की दुसऱ्या दिवशीही वळ होते. आवाज ऐकून हमीदाभाभी आली. तिने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि कमरेला ओढणी खोचली. "आगो वैनी, माणूस चाललाय नि तू पोरीला धरून काय बसलीस? यल्ला, चपला घाला!" तिचा नवरा नमाजला गेलेला. गाडी तीच चालवणार होती. सहाव्या टेस्टला लायसन मिळालेली बाई. बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन, खालच्या कॅफेटेरियातली दोन पोरं आणि मी, चौघांनी मिळून बाबांना चादरीत घालून उतरवलं. गाडीमागे नमाजला आलेल्या कुणीतरी आपली गाडी आडवी लावली होती. भाभीने सरळ फूटपाथवर घेतली, झाडाची कुंडी उडवली आणि सिग्नलपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. मागच्या सीटवर बाबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी देवाला सांगत होते की मला काय करायचं ते कर.

हॉस्पिटलमध्ये बाबांना पुन्हा फिट आली. डॉक्टर पाकिस्तानी होत्या, तरुण, थकलेल्या. त्यांनी हिंदीत विचारलं, "क्या पीते हैं? आज क्या पिया?" आणि माझी आई, जी पोलिसांच्या नावाने तीन आठवडे झोपली नव्हती, तिने दोन्ही हात पुढे केले, बेड्या घाला म्हणावं तसे. "मैंने दिया. मैंने घर में बियर बनाया. परसों से रोज चार-चार गिलास दिया. उनको चढ़ गया. मुझको पकड़ो, उनको बचाओ."

डॉक्टर नर्सला इंग्रजीत म्हणाल्या, खूप प्यायलाय, दारू अंगातून उतरेपर्यंत वाट बघू. नर्स सलाईन लावायला वळली. आता गप्प राहिले तर बाबा मरणार, इतकं मला स्पष्ट दिसत होतं. आई माझ्या अगदी शेजारी उभी होती, तिचं कोपर माझ्या कोपराला लागत होतं.

"देअर इज नो अल्कोहोल इन इट," मी म्हणाले. मग आईलाही कळावं म्हणून हिंदीत सांगितलं. "उसमें दारू बनी ही नहीं. बुधवार से उन्होंने एक बूंद नहीं पी है. ये बंद होने से हो रहा है. पहले भी हुआ था."

"पक्का?"

"मैंने टेस्ट किया था."

डॉक्टरांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि मग सगळं भराभर झालं. दुसरं इंजेक्शन, ऑक्सिजन, पडदा. जाता जाता त्या एवढंच म्हणाल्या, "दो दिन पहले क्यों नहीं लाए?" पोलिसांचं नाव कुणी काढलं नाही. व्हिसाचं विचारलं ते काउंटरवरच्या माणसाने, आणि तेही फॉर्मवर काय लिहू म्हणून.

बाहेरच्या बाकावर हमीदाभाभी तसबीचे मणी ओढत जप करत बसली होती. आई तिच्याजवळ न बसता भिंतीला टेकून उभी राहिली.

"टेस्ट कधी केलीस?"

"ब्लँकेटातून काढलं तेव्हाच."

ती हिशोब लावत असावी. ओठ हलत होते. "म्हणजे मी बाटली ओतली तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू बघत होतीस."

मी "हो" म्हणाले. तिने मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने पर्समधून रुमाल काढला, माझ्या हातात दिला, आणि भाभीशेजारी जाऊन बसली.

बाबा वाचले. त्यानंतर त्यांनी कायमची सोडली असं लिहायला मला फार आवडलं असतं. दोनदा सोडली, दोनदा धरली, आणि तिसऱ्यांदा सोडली ती टिकली, गावी परतल्यावर. पण तो पुढचा रगाडा. रविवारी सकाळी ते शुद्धीवर आले तेव्हा आईने त्यांना झालेलं सगळं सांगितलं. मग ती त्यांना पेज भरवत होती आणि मी पायथ्याशी उभी होते. बाबांनी दोन चमचे घेतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरीवर रागावू नकोस. मला पहिल्याच घोटाला कळलं होतं. त्यात काही नव्हतं."

आईचा चमचा हवेतच थांबला. "मग बोलला का नाहीत?"

"तू समोर उभी होतीस ना. इतक्या आशेने बघत होतीस."

वॉर्डात कुणाचा तरी टीव्ही चालू होता. आईने वाटी खाली ठेवली, हात पुसले, आणि एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. तिचा आवाज मुळीच चढला नाही.

"मला जपत होतात ना दोघं? तुम्ही पाणी पिऊन मरायला निघालात, मी बाटली ओतत होते आणि ही बघत राहिली, सगळं माझं तोंड उतरू नये म्हणून. अहो, काय झालं असतं मला खरं कळलं असतं तर? रडले असते. तासभर रडले असते, आणि मग टॅक्सी बोलावली असती."